पानाच्या डाव्या बाजूचा पाहुणा : टोमॅटोच्या चटणीची गोष्ट

गणेशोत्सवाच्या महिनाभर आधी आपल्या मंडळात महाप्रसादाची बैठक होते. गेल्या वर्षी मसालेभात, बटाट्याची भाजी, पुरी, वरण-भात, शिरा ही यादी पाच मिनिटांत संपली आणि चटणीवर मात्र तासभर चर्चा रंगली. तरुण मंडळी म्हणाली, टोमॅटो सॉसचे डबे आणू. मुलांना आवडतो आणि वाटण्याची कटकटही नाही. वहिनी मंडळींचे म्हणणे, वीस मिनिटांत घरची तिखट चटणी होत असताना विकतचा गोड सॉस कशाला? शेवटी कोपऱ्यात बसलेल्या, ऐंशी ओलांडलेल्या एका आजींनी दोन्ही पक्षांना गप्प केले. "सॉस नको नि चटणीही नको. टोमॅटो देवाच्या पानात चालत नाही. ते विलायती वांगं आहे."

यावर कोणी काही बोलले नाही. पण घरी परतताना आमच्या मनात प्रश्न राहिला. याच आजींच्या घरी आम्ही कितीदा तरी टोमॅटोची चटणी आणि ज्वारीची भाकरी खाल्ली आहे. जे घरात रोज चालते ते देवाला का चालत नाही? आम्ही सिंचन खात्यातले डिप्लोमावाले, इतिहासाचे पदवीधर नव्हे. तरीही वर्षभर सवडीने वाचत राहिलो. जे हाती लागले ते मंडळाच्या वाचकांपुढे ठेवतो.

आजींचे शब्द आधी तपासू, कारण ते अगदी बरोबर आहेत. टोमॅटोला मराठीत 'वेलवांगी' असे जुने नाव आहे. बंगालीत त्याला 'बिलाती बेगुन' म्हणजे विलायती वांगे म्हणत. कन्नडमध्ये 'चप्परबदने', म्हणजे मांडवावरचे वांगे. तमिळमधला 'तक्काळी' हा शब्द आपल्याकडच्या कामोणीसारख्या रानटी झुडपाच्या फळाला आधीपासून होता, तोच या नव्या फळाला चिकटला. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांचा 'राममुलग' हा शब्दही त्याच जातीचा. विदर्भात 'भेदरं' म्हणणारी माणसे अजून आहेत. म्हणजे या पाहुण्याला जो तो आपापल्या परसातल्या ओळखीच्या झाडाचे नाव देत होता. ही ओळख चुकीचीही नव्हती, कारण वांगे, टोमॅटो, मिरची आणि बटाटा ही चारही एकाच कुळातली झाडे. फरक इतकाच की वांगे आपल्याकडचे आणि बाकीची तिन्ही समुद्रापलीकडची.

टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या पेरू आणि इक्वेडोरच्या भागात वाढत. त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली ती मेक्सिकोत. तिथल्या नाहुआत्ल भाषेतला 'तोमात्ल' हा शब्द स्पॅनिशमध्ये 'तोमाते' झाला आणि तोच जगभर फिरला. १५२१ साली स्पॅनिश सैन्याने ॲझ्टेक लोकांची राजधानी तेनोच्तित्लान जिंकली. त्यानंतर तिथे राहिलेल्या बर्नार्दिनो दे साहागून या धर्मोपदेशकाने स्थानिक लोकांकडून त्यांच्या जीवनाची तपशीलवार माहिती लिहून घेतली. त्यात बाजाराचे वर्णन आहे आणि त्या बाजारात तयार रस्से व चटण्या विकणारी माणसे आहेत. मिरची आणि टोमॅटो हे त्यातले मुख्य पदार्थ. वाटण्याचे साधन म्हणजे ज्वालामुखीच्या खडबडीत दगडाचे तीन पायांचे भांडे. मेक्सिकोत ते आजही वापरतात.

हे वाचताना आम्हाला नोकरीची पहिली वर्षे आठवली. तेव्हा आमची नेमणूक महबूबनगरकडे कालव्याच्या कामावर होती. साइटवर स्वयंपाकाला एक तेलुगू अम्मा होत्या. संध्याकाळी आम्ही मोजमापाची वही मिटून येईपर्यंत त्या चुलीतल्या निखाऱ्यावर टोमॅटो आणि सुक्या मिरच्या भाजत. साली काढून सगळे दगडी 'रोलु'त, म्हणजे आपल्या उखळात, मीठ-लसणाबरोबर ठेचत. वरून कच्चे तेल. गरम भातावर ती 'रोटी पच्चडी' पडली की दुसरे काही लागत नसे. घरी पत्र लिहिताना आम्ही आईला ती कृती कळवली. आईचे उत्तर आले, "अरे, आपण हेच करतो. फक्त दाण्याचा कूट घालतो."

आता पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपात जाऊ. १५४४ साली मात्तिओली या इटालियन वैद्याने आपल्या ग्रंथात या नव्या फळाची नोंद केली आणि १५५४ च्या आवृत्तीत त्याला 'सोन्याचे सफरचंद' अशा अर्थाचे इटालियन नाव दिले. त्यावरून सुरुवातीला पोहोचलेली फळे पिवळी असावीत असे मानतात. पण ते ताटात यायला फार वेळ लागला. युरोपात याच कुळातल्या विषारी झाडांची भीती होती. पानांचा वासही उग्र. त्यामुळे कितीतरी वर्षे टोमॅटो बागेची शोभा म्हणून राहिला. १६९२ साली नेपल्समध्ये छापलेल्या आन्तोनिओ लातिनी यांच्या पाकपुस्तकात 'स्पॅनिश पद्धतीचा टोमॅटो सॉस' सापडतो. इटलीत छापलेली टोमॅटो सॉसची ही सर्वांत जुनी कृती समजतात. कृती अशी : पिकलेले टोमॅटो निखाऱ्यावर भाजावेत, साली काढून बारीक चिरावेत, त्यात कांदा, बारीक चिरलेली तिखट मिरची, सुगंधी पाला, मीठ, तेल आणि सिरका घालावा. वाचकहो, सुगंधी पाल्याच्या जागी कोथिंबीर आणि सिरक्याच्या जागी लिंबू घाला. तुम्ही कालच खाल्लेली चटणी झाली की नाही?

म्हणजे मेक्सिकोचा बाजार, नेपल्सचे स्वयंपाकघर आणि महबूबनगरची चूल, तिन्हीकडे एकच युक्ती. भाजा, ठेचा, मीठ-तिखट-आंबट जुळवा. कोणी कोणाकडून शिकले असे प्रत्येक वेळी म्हणता येणार नाही. पिकलेल्या टोमॅटोत आंबट, गोड आणि खमंग अशा तिन्ही चवी असतात, पण पाणीही फार असते. भाजल्याने पाणी उडते आणि चव घट्ट होते. झटपट करायची तर दुसरी वाट नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे आधी आली मिरची. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांतून अमेरिकेची पिके आपल्या किनाऱ्यावर उतरली. मुंबईकडे मिरचीला एके काळी 'गोवाई मिरची' म्हणत, हा त्याचाच पुरावा. त्याआधी आपला तिखटपणा मिऱ्यांचा, पिंपळीचा आणि आल्याचा. अकबराच्या दरबारातल्या 'आइन-ए-अकबरी'त, म्हणजे १५९० च्या सुमारास, पदार्थांच्या याद्या आहेत. त्यात तिखटासाठी मिरे आहेत, मिरची नाही. 'मिरची' हे नावही संस्कृत 'मरीच' म्हणजे मिऱ्यावरूनच घेतलेले. पण मिऱ्याचा वेल मलबारच्या पावसात वाढतो आणि मिरची मराठवाड्यातल्या कोरडवाहू रानात, घराच्या परसातही येते. वाळवली की वर्षभर टिकते. जे गरिबाला परवडते ते लवकर पसरते. शंभर-दीडशे वर्षांत मिरची अशी रुजली की आपण तिचे परकेपण विसरलो.

टोमॅटोचे तसे झाले नाही. तो इथे येऊनही कितीतरी वर्षे साहेबांच्या बागेत राहिला. जॉर्ज वॉट या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतातल्या उपयोगी वनस्पती-पदार्थांचा मोठा कोश १८८९ पासून खंडाखंडाने प्रसिद्ध केला. त्यात टोमॅटो मुख्यतः युरोपियनांसाठी पिकवतात, देशी लोकांना तो आता कुठे आवडू लागला आहे, आणि बंगाली व ब्रह्मी लोक आंबट कालवणात घालतात, अशा अर्थाची नोंद आहे. म्हणजे अवघी सव्वाशे-दीडशे वर्षे झाली. या उशिराचे कारण आम्हाला असे वाटते की मिरचीने आपल्याकडची उणीव भरून काढली, टोमॅटोला मात्र उणीव सापडेना. आंबटपणासाठी आपल्याकडे चिंच होती, आमसूल होते, कैरी, अंबाडी, लिंबू, ताक होते. वर्षभर टिकणारी चिंच मडक्यात असताना चार दिवसांत नासणारे फळ कोण घेणार?

मग तो घरात शिरला कसा? आधी सावकाश आणि मग एकदम. गेल्या शतकात शहरे वाढली, रोज भाजी घेऊन येणारे लोक वाढले. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेच्या पुसा रुबीसारख्या जाती शेतकऱ्यांपर्यंत गेल्या, पुढे संकरित वाण आले. जाड सालीची, घट्ट गराची फळे ट्रकमधून शेकडो कोस जाऊ लागली. आज महाराष्ट्रात नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंत, कर्नाटकात कोलार, आंध्रात मदनपल्ले या बाजारांवर देशाचे टोमॅटो चालतात. आपल्या हैदराबादेत जवळच्या चेवेळ्याकडून माल येतो आणि उन्हाळ्यात मदनपल्लेची वाट पाहावी लागते. पण प्रवासासाठी घडवलेले फळ चवीला थोडे फिकट असते. म्हणून इथल्या बायका अजूनही 'नाटू' टमाटे, म्हणजे चपटे, रेघांचे, पातळ सालीचे गावठी टोमॅटो शोधतात. ते मिळाले तर चटणीत चिंच लागत नाही. संकरित असतील तर बोराएवढी चिंच घालावीच लागते.

इथे आमच्या घराची हकीकत थोडी सांगतो, कारण ती आपल्यापैकी अनेकांची आहे. आमचे आजोबा परभणीकडून निजामाच्या राज्यात कारकुनीला हैदराबादेत आले. तेव्हा परभणी आणि हैदराबाद एकाच राज्यात होते, त्यामुळे ते परगावी आले होते पण परराज्यात नव्हते. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशात राहिले. आजोबा होते तिथेच होते. सीमा तेवढी त्यांच्या आणि गावाच्या मधून गेली. २०१४ साली तेलंगण झाले तेव्हा आम्ही खुर्ची न बदलता दुसऱ्या राज्याचे नोकर झालो.

आजीने गावाहून येताना आणली होती ती लसणाची, कारळ्याची आणि दाण्याची सुकी चटणी. टोमॅटोची ओली चटणी तिला वाड्यातल्या शेजारणींनी शिकवली. एका बाजूला तेलुगू कुटुंब, तिथे पच्चडी. दुसऱ्या बाजूला दखनी बोलणारे मुसलमान कुटुंब, तिथे टमाटे का कट. म्हणजे बेसन लावून दाट केलेले, खमंग फोडणीचे टोमॅटोचे कालवण, त्यात उकडलेली अंडी. आजीने अंडी वगळली, फोडणी घेतली. पच्चडीतले तिखट निम्मे केले आणि परभणीचा दाण्याचा कूट घातला. आम्ही लहानपणापासून जिला 'आपली चटणी' म्हणत आलो ती अशी तीन घरांतून जमलेली आहे. परभणीच्या आमच्या चुलत्यांकडे ही चटणी या चवीची होत नाही. ते तिला 'हैदराबादी' म्हणतात. आणि इथले शेजारी तिला 'मराठीवाल्यांची' म्हणतात.

आणि ज्या दाण्याच्या कुटाचा आम्हाला अभिमान, तो भुईमूगही दक्षिण अमेरिकेचाच! चटणीतले सामान एकेक करून पाहिले तर टोमॅटो, मिरची, दाणे तिन्ही अमेरिकेतून आलेले. लसूण मध्य आशियाकडचा. हिंग आजही बहुतेक अफगाणिस्तान-इराणकडून येतो. चिंचेला जगाने अरबी 'तमर हिंदी' म्हणजे हिंदचा खजूर असे नाव दिले खरे, पण तिचे मूळ झाड आफ्रिकेचे. अस्सल इथला म्हणावा तर कढीपत्ता, हळद आणि कुटात कोणी घालत असेल तर तीळ.

आता आजींच्या मुद्द्याकडे परत येऊ. देवाच्या पानात नवे पदार्थ न घेण्याची रीत केवळ आपल्या आजींची नाही. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात टोमॅटो, बटाटा, कोबी, फुलकोबी आजही वापरत नाहीत. स्वयंपाकघर बदलते पण देवघर सावकाश बदलते. श्राद्धाच्या स्वयंपाकातही अनेक घरी हाच नियम आहे. त्यामुळे बाजारात काय नवे आणि काय जुने याची एक नोंद आपोआप राहते. इतिहासाच्या दृष्टीने आम्हाला ही रीत मोलाची वाटते.

पण ही नोंद सगळीकडे सारखी नाही. आपली उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा. त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमकडे १९४० च्या दशकात सुरू झाले. दाणे तिकडचे, बटाटा तिकडचा, हिरवी मिरची तिकडची. म्हणजे आपण संकष्टीला जे खातो ते जवळजवळ सगळे अमेरिकेतले! हे आम्ही आजींना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "असू दे. आता ते आपलं झालंय." आम्ही विचारले, "मग टोमॅटो कधी आपला होणार?" त्यावर आजी म्हणाल्या, "माझ्या पानात झालाय. देवाच्या पानात तुमची नातवंडं ठरवतील."

आम्हाला हे उत्तर पटले. पाहुणा घरचा झाला हे कागदावर ठरत नाही. तीन-चार पिढ्यांच्या हातून तो पदार्थ रांधला जातो, कोणाच्या तरी आईच्या नावाने ओळखला जातो, आणि मग एके दिवशी तो कुठून आला असे कोणी विचारत नाही. आमचा मुलगा शाळेतून येऊन विचारतो, "बाबा, आपण खरे कुठले?" त्याला आम्ही आता चटणीची ही गोष्ट सांगतो.

राहता राहिला सॉस. त्याचे नावही दूरचे. 'केचप' हा शब्द चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बोलीतला, मूळचा मासळीच्या खारट रसाचा. इंग्रज व्यापाऱ्यांनी तो नेला, त्यात आक्रोड, अळंबी असे काय काय घातले. १८१२ साली फिलाडेल्फियाच्या जेम्स मीझ यांनी टोमॅटोच्या केचपची कृती छापली आणि १८७६ साली हाइन्झ यांनी तो बाटलीत भरून विकायला काढला. बाटलीत टिकण्यासाठी साखर आणि सिरका भरपूर लागतो. आपल्याकडच्या १९५५ च्या फळपदार्थ आदेशातही सॉसमध्ये विरघळलेले घन पदार्थ किमान २५ टक्के असावेत असा नियम होता. टोमॅटोच्या रसात ते स्वतःचे जेमतेम पाचेक टक्के असतात. बाकीची भर आटवून आणि मुख्यतः साखरेने होते. सॉस वाईट नाही, पण तो टिकण्यासाठी केलेला आहे आणि चटणी आज खाण्यासाठी.

भावाचीही गोष्ट आहे. २०२३ च्या जुलैत टोमॅटो दीडशे-दोनशे रुपये किलो झाला तेव्हा चटणी ताटातून गेली. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला गणपती बसले तेव्हा घाऊक भाव इतका कोसळला होता की शेतकरी माल रस्त्याकडेला ओतत होते. असा माल स्वस्त असतो तेव्हा घराघरांत चार दिवसांची चटणी केली, तरी थोडा माल वाया जायचा वाचतो.

म्हणून कृती देऊन थांबतो. अर्धा किलो पिकलेले टोमॅटो, सात-आठ सुक्या लाल मिरच्या, एक चमचा जिरे, पाव वाटी भाजलेल्या दाण्यांचा जाडसर कूट, चवीला मीठ, बोराएवढी चिंच, सुपारीएवढा गूळ. दोन चमचे तेलात मिरच्या आणि जिरे मंद आचेवर परतून बाजूला काढावे. मिरची काळी पडली तर चटणी कडू होते. त्याच कढईत टोमॅटोच्या मोठ्या फोडी मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, पाणी आटेपर्यंत परताव्यात. झाकण ठेवले की चटणी पातळ झालीच. गार झाल्यावर आधी मिरची-जिरे-मीठ वाटून मग टोमॅटो, चिंच आणि गूळ घालून मिक्सर एकदाच फिरवावा. गुळगुळीत करू नये. कूट शेवटी हाताने मिसळावा. वर मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी. रोजच्या चटणीत मिरचीबरोबर पाच-सहा लसूण पाकळ्या घालाव्यात. महाप्रसादासाठी लसूण नाही. गरम असताना वाटू नये, मिक्सरचे झाकण उडते. हे आम्ही स्वयंपाकघराची भिंत पुसून शिकलो आहोत.

यंदाच्या बैठकीत असे ठरले आहे की नैवेद्याचे पान आजींच्या रीतीप्रमाणे, टोमॅटोशिवाय. पंगतीत मात्र पानाच्या डाव्या बाजूला, लिंबाच्या फोडीशेजारी, टोमॅटोची तिखट चटणी. सॉसचे डबे नाहीत. चटणी करायला वहिनी मंडळींबरोबर आम्ही पुरुषही सकाळी सहाला हजर राहणार आहोत. एक विनंती आहे. आपापल्या घरच्या ज्येष्ठ मंडळींना त्यांची चटणी कुठून आली, कोणाकडून शिकल्या, हे विचारा आणि वहीत लिहून मंडळात आणून द्या. आमच्या आजीने वाड्यातल्या शेजारणींची नावे आम्हाला सांगितली होती. आम्ही ती तेव्हा लिहून ठेवली नाहीत.

गणपती बाप्पा मोरया!